सिग्नलला गाडी थरथरते, ते वयामुळे का?

पत्राचा सारांश: कराडहून एका शिक्षिकेनं लिहिलं आहे. वडिलांची 2009 ची पेट्रोल अल्टो दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे आली. मीटर 90 हजारांच्या पुढे गेलाय. रोज शाळेत जाणं-येणं आणि अधूनमधून पुण्याची फेरी, एवढाच वापर. गेले काही महिने गाडी सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंग आणि सीट थरथरते, एसी लावला की जास्तच. चालती गाडी मात्र ठीक वाटते. वडिलांच्या ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, ‘ताई, जुनी गाडी आहे, एवढं हलायचंच.’ हायवेवरच्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि ‘हेड उतरवावं लागेल, वीस हजार धरून चला’ असं सांगितलं (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच असतात). यजमानांच्या मते खर्च करण्यापेक्षा गाडी विकून टाकावी. ‘यातलं खोटं कोण बोलतंय? हे इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर नाही ना? माझ्या भावाची जुनी सँट्रो आहे, ती तर अशी हलत नाही. मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून विचारते.’

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. गाडीतलं कळत नाही म्हणता, पण थरथर केव्हापासून आहे, कुठे जाणवते, एसीनं वाढते आणि गाडी चालू लागली की जाते, हे सगळं तुम्ही नीट लिहिलंय. निम्मं निदान त्यातच आहे. बहुतेक लोक ‘गाडी बरोबर वाटत नाही, बघा जरा’ एवढं बोलून किल्ली काउंटरवर ठेवतात आणि निघून जातात.

खोटं बहुधा कुणीच बोलत नाहीये. तुमच्या मेकॅनिककाकांनी शेकडो जुन्या अल्टो हलताना पाहिल्यात, म्हणून ते म्हणतात हलायचंच. हायवेवाल्याकडे व्हॉल्व्ह गेलेल्या गाड्या येत असतील, म्हणून त्याला हेड दिसलं. दोघांनीही काही मोजलेलं नाही, अडचण ती आहे. मोजल्याशिवाय दिलेलं ‘नॉर्मल आहे’ आणि मोजल्याशिवाय सांगितलेले वीस हजार, दोन्ही माझ्या लेखी अंदाजच.

आता ‘नॉर्मल’कडे येऊ. तुमच्या अल्टोचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. भावाची सँट्रो चार सिलिंडरची. ही तुलनाच मुळात जुळत नाही. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण 850 फेरे मारत असतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे तीन सिलिंडरला सेकंदाला साधारण 21 ठोके पडतात आणि चार सिलिंडरला 28. ठोके कमी, म्हणजे दोन ठोक्यांमधली फट मोठी, आणि ती फट हाताला जाणवते. शिवाय तीन सिलिंडर एका ओळीत असले की टोकाचे दोन पिस्टन एकमेकांना पुरते तोलून धरत नाहीत, इंजिन टोकाकडून टोकाकडे किंचित डोलत राहतं. हे डोलणं मारण्यासाठी काही इंजिनांत वेगळा दांडा बसवतात. अल्टोत तो नाही. तिथं ते काम इंजिनाखालच्या रबरावर सोडलेलं आहे. त्यामुळे बारीक, एकसारखी थरथर या इंजिनाला शोरूममधून निघतानाही होती. आजच्या कितीतरी नव्या कोऱ्या तीन सिलिंडरच्या गाड्या सिग्नलला थरथरतातच, त्यांना कुणी जुनी म्हणत नाही.

मग वयाचा संबंध काय? लोखंड पंधरा-सोळा वर्षांत म्हातारं होत नाही. रबर होतं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं (गॅरेजमध्ये त्याला फाउंडेशन म्हणतात) ते कडक होतं, चिरतं, बसतं, आणि पूर्वी जिरत असलेली थरथर थेट सीटपर्यंत येते. हवेचे बारीक रबरी पाइप तडकतात. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या तोंडात, काजळी धरते, ठिणगी देणारे प्लग झिजतात, टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर बदलतं. ‘जुनी आहे म्हणून’ हे कारण नव्हे. यांतलं नेमकं काय जुनं झालंय, ते शोधायचं, आणि यातल्या बहुतेक गोष्टी हेड न उतरवता दुरुस्त होतात.

तुम्ही विचारलंत, एवढं हलणं नॉर्मल का. मी उलट विचारतो: मागच्या वर्षी एवढी हलत होती का? तुमच्या पत्रात ‘गेले काही महिने’ असे शब्द आहेत. दोन वर्षं रोज तीच गाडी चालवणाऱ्या माणसाला फरक जाणवला, तर फरक आहे. तेव्हा काकांचं म्हणणं अर्धंच पटतं. थोडी थरथर जन्मजात, वाढलेली थरथर नव्हे.

गॅरेजला जाण्याआधी एक रविवार सकाळ काढा. गाडी मोकळ्या जागेत लावा, बंद गॅरेजात अजिबात नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, एसी बंद. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं ते जरा जोरात चालेल, ते तसंच असतं. गरम होऊन आवाज खाली आला की स्टिअरिंगवर तळहात ठेवा आणि थरथरीची लय ओळखा. एकसारखी, बारीक, गुणगुणल्यासारखी असेल तर तिन्ही सिलिंडर काम करताहेत. मधूनच एखादा गचका बसत असेल, आणि तो केव्हा बसेल याचा नेम नसेल, तर कुठला तरी सिलिंडर अधूनमधून पेटत नाही. गॅरेजच्या भाषेत मिसिंग. तिघीजणी एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालत असताना एकीचा घाव चुकला तर न बघताही कळतं, तसंच हे हाताला कळतं. एक सिलिंडर पूर्ण बंद असेल तर मात्र थरथर ‘थोडी’ राहत नाही. तीनातला एक गेला म्हणजे एक तृतीयांश ताकद गेली, गाडी चढावर रडते. पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट ती कशी चढते, ते आठवून बघा.

मग बॉनेट उघडून इंजिन बघा, हात लावायचा नाही, ओढणी-पदर आवरून. इंजिन शांत दिसतंय आणि गाडी मात्र हलतेय, असं असेल तर संशय माउंटिंगवर. सुरू करताना आणि बंद करताना धप्प असा आवाज येत असेल, रिव्हर्सला गाडी निघताना गचका बसत असेल, तर तो संशय आणखी पक्का. उलट इंजिनच जागच्या जागी उसळ्या मारत असेल, तर माउंटिंग बदलून फक्त लक्षण झाकलं जाईल. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, एक थंड असताना, एक गरम झाल्यावर, एक एसी लावून. गाडी गॅरेजला पोचते तेव्हा गरम असते आणि मेकॅनिकसमोर नेमकी शहाण्यासारखी वागते.

एसीनं थरथर वाढते, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील. एसीचा कंप्रेसर लागला की इंजिनावर ओझं येतं, आणि इंजिनाचा संगणक लगेच थोडी जास्त हवा सोडून फेरे सावरतो. ती हवा एका छोट्या झडपेतून येते. तिच्यात किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की सावरायला उशीर होतो, इंजिन दबतं आणि हलतं. गाडी चालू लागली की हवा मोठ्या तोंडातून जाते, मग हा दोष दिसत नाही. तुमचं वर्णन याच्याशी चांगलंच जुळतं. तडकलेल्या पाइपातून बाहेरची हवा शिरत असेल तरी साधारण असंच होतं, उभ्या गाडीत थरथर आणि रेस दिली की सारं सुरळीत. पावसाळ्यात गाडी बाहेर उभी असते का? इंजिनाच्या उबेला उंदीर येऊन बसतात आणि पाइप, वायरी कुरतडतात. त्यांच्या दातांच्या खुणा टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतात. फक्त चढावर, ओझ्याखाली झटके येत असते तर मी आधी प्लग, त्यांच्या वायरी आणि ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे वळलो असतो.

आणखी एक पुरावा तुमच्या घरातच पडून असेल. पीयूसीच्या जुन्या पावत्या. पेट्रोल गाडीची ही तपासणी उभ्या गाडीतच होते, म्हणजे नेमकं ज्या अवस्थेत तुमची गाडी त्रास देते त्याच अवस्थेत. पावतीवर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन. बीएस-2 आणि बीएस-3 (धुराच्या सरकारी मानकांचे टप्पे) च्या गाड्यांना सीओ 0.5 टक्के आणि एचसी 750 पीपीएमपर्यंत चालतं. पण मर्यादेत आहे का, एवढंच बघू नका. मागच्या तीन-चार पावत्या शेजारी ठेवा. एचसी चढत चाललं असेल तर कुठे तरी पेट्रोल नीट जळत नाही. आकडा जागच्या जागी असेल तर मिसिंगची शक्यता कमी आणि माउंटिंगची जास्त. अर्थात, पीयूसीवाल्यानं नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तरच. नुसतीच नंबर प्लेटचा फोटो काढून दिलेली पावती पुरावा म्हणून बाद.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत नाही, म्हणजे दोष नाही, असं मात्र धरू नका. मिसिंग ओळखून दिवा लावणारी यंत्रणा आपल्याकडे 2013 च्या सुमारास सक्तीची झाली. तुमची गाडी त्याआधीची आहे. स्कॅनर लावून ‘काही एरर नाही’ असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या.

इथेनॉलचं म्हणाल तर ती शंका रास्त आहे, पण पहिली नव्हे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून पंपांवर यायला लागलं आणि तुमची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही, हे खरं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याचा त्रास जास्त. जुन्या रबरी पाइपांनाही ते मानवत नाही. पण तुमची गाडी रोज चालते आणि रस्त्यावर ठीक पळते. पेट्रोलचा दोष असता तर तो सिग्नलपुरता थांबला नसता. पेट्रोलचे पाइप जुने असतील तर ते बदलून घ्या, ते एरवीही करायला हवंच. थरथर एखाद्या विशिष्ट दिवशी पेट्रोल भरल्यापासून सुरू झाली असं आठवत असेल, तर टाकी बरीचशी रिकामी होऊ द्या आणि दुसऱ्या पंपावर भरून बघा.

आता गॅरेज. माझ्या मते तुम्ही काकांकडेच जा. त्यांना गाडी माहीत आहे, तुम्ही माहीत आहात, आणि ते खर्चात पाडायला टपलेले नाहीत, हे त्यांच्या उत्तरावरूनच दिसतं. फक्त प्रश्न बदला. ‘काका, गाडी हलते’ असं म्हटलं की ‘हलायचंच’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी म्हणा, ‘काका, चार-पाच महिन्यांपूर्वी एवढी नव्हती. गरम झाल्यावर, उभी असताना, एसी लावला की वाढते. हा व्हिडिओ बघा. आज रात्री गाडी इथंच ठेवते, उद्या सकाळी थंड असताना तुम्हीच सुरू करा.’

आधी स्वस्तातलं. एअर फिल्टर, तिन्ही प्लग काढून बघणं, थ्रॉटल बॉडी आणि हवेची झडप साफ करणं, पाइप तपासणं. प्लग काढतील तेव्हा शेजारी उभ्या राहा आणि तीनही हातात घेऊन बघा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. एखादाच काळा, काजळीनं माखलेला किंवा तेलकट ओला असेल, तर तो सिलिंडर काही तरी सांगतोय. तिन्ही प्लगची किंमत काही शे रुपयांत असते. मागचे कधी बदलले ते कुणालाच आठवत नसेल तर बदलूनच टाका. काढलेले प्लग मात्र घरी घेऊन या, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते कागदावर लिहून. या कामानंतर गाडी आठवडाभर चालवा आणि मगच पुढचं ठरवा. एकाच दिवशी पाच गोष्टी बदलल्या की गुण कशानं आला ते ना तुम्हाला कळणार, ना काकांना. बॅटरी सोडवली असेल किंवा थ्रॉटल साफ केला असेल तर पहिले काही दिवस फेरे थोडे वर-खाली होतात, संगणक पुन्हा शिकत असतो. त्यावरून लगेच निराश होऊ नका.

एका गोष्टीला स्पष्ट नकार द्या: ‘रेस थोडी वाढवून देतो’. कार्बोरेटरच्या काळात, म्हणजे आपल्याकडे साधारण 2000 पर्यंत, स्क्रू फिरवून रेस आणि मिश्रण जुळवणं हे खरंच ट्यूनिंग होतं आणि ते जमणारा माणूस कलाकारच. तुमच्या गाडीत ते काम संगणक करतो. तिथं स्क्रू फिरवून फेरे हजाराच्या वर नेले की थरथर जाते, कारण ठोके जवळजवळ येतात. दोष तिथंच राहतो आणि पेट्रोल मात्र जास्त जातं.

एवढं करूनही फरक पडला नाही तर टॅपेट तपासायला सांगा. या इंजिनात ते हातानं सेट करावे लागतात आणि पुष्कळ गाड्यांत वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. टॅपेट वाजत असले की लोक घाबरतात, पण अति घट्ट झालेले टॅपेट जास्त वाईट. त्यांचा आवाज येत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि उभ्या गाडीत दाब निसटत राहतो. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे फार दिसतं. तुमची पेट्रोलची आहे, पण हे वाचणाऱ्या निम्म्यांकडे सीएनजी किट असेल, त्यांनी हे आधी बघावं.

हेड उतरवण्याची वेळ यानंतर येते, तीही कॉम्प्रेशन मोजल्यावर. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली, आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब दाबमापकाच्या घड्याळावर वाचायचा. नुसता आकडा किती यापेक्षा तिन्हींत फरक किती, ते महत्त्वाचं. तिन्ही जवळपास सारखे असतील तर या थरथरीसाठी हेड उतरवायला मी सांगणार नाही. एक बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडखालच्या गॅस्केटचा. त्यावेळी हायवेवाल्याचं म्हणणं बरोबर ठरेल, आणि त्याला तसं सांगायलाही हरकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते न करताच कुणी हेडचा खर्च सांगत असेल तर नम्रपणे किल्ली परत घ्या.

काही लक्षणं दिसली तर मात्र ही सगळी सावकाशी सोडा. गाडी सिग्नलला बंद पडू लागली, पेट्रोलचा वास येऊ लागला, कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसतेय, तर गाडी चालवू नका. बंद पडण्याला लोक हसण्यावारी नेतात. उतारावर इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक असतो, पण पायानं जीव खाऊन दाबावा लागतो. घाटात हे पहिल्यांदा कळू नये.

राहता राहिलं विकणं. 2009 ची गाडी म्हणजे 15 वर्षं 2024 मध्येच झाली, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण झालेलं असणार आणि ते पाच वर्षांसाठी असतं. आरसी काढून तारीख बघून घ्या, झालेलं नसेल तर थरथरीआधी ते काम करा. नूतनीकरण झालं असेल तर त्याचे पैसे आणि पर्यावरण कर तुम्ही भरून बसला आहात, आणि त्यातली काही वर्षं हातात आहेत. शिवाय थरथरणारी गाडी विकायला काढली तर घेणारा पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवून भाव पाडणार. म्हणजे विकायची असली तरी प्लग, थ्रॉटल आणि गरज पडली तर माउंटिंग, एवढं करून घेणं तुमच्याच फायद्याचं. माउंटिंगचा खर्च थोडा जास्त येतो, पण वीस हजारांच्या आसपासही जात नाही. यजमानांना सांगा, विकायचं की नाही ते कॉम्प्रेशन मोजल्यावर ठरवू. तिन्ही आकडे चांगले आले तर रोज शाळेत ने-आण करायला हे इंजिन अजून पुष्कळ पुरेल, आणि ही विकून येतील तेवढ्या पैशांत याहून चांगली जुनी गाडी बाजारात मिळेल असं मला वाटत नाही. एक आकडा कोसळलेला निघाला, आणि पत्रा, सस्पेन्शन, टायरही खर्चाला आले असतील, तर यजमानांचं म्हणणं मला पटेल.

आकडे आले की जरूर कळवा. प्रत्येक सिलिंडरचा वेगळा लिहा, इंजिन गरम असताना मोजले का तेही लिहा, आणि पीयूसीच्या पावत्यांचे फोटो जोडता आले तर सोबत पाठवा.